जूनमध्ये ४१, दिवाळीनंतर २४: तायक्वांदो क्लबच्या वर्षारंभाचा प्रकरण अभ्यास

तालुक्याच्या गावातला एक तायक्वांदो क्लब. नगरपालिकेच्या समाजमंदिराचा हॉल आठवड्यातून तीन संध्याकाळी भाड्याने घेतलेला. मुख्य प्रशिक्षक एक, त्यांच्या हाताखाली दोन ब्लॅक बेल्ट: एक कॉलेजात, एक बारावीत. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर एक मीटर बाय एक मीटरच्या, २५ मिलिमीटर जाडीच्या ८० जिगसॉ मॅट, कडांच्या दातांनी एकमेकींत अडकणाऱ्या. हे कोणा एका क्लबचे नाव झाकून केलेले वर्णन नाही. अनेक क्लबांत वर्षानुवर्षे जे घडताना दिसते ते एकत्र करून हे प्रकरण बांधले आहे, आणि आकडे वाचणाऱ्याला स्वतः हिशोब पडताळता यावा अशा मापाचे घेतले आहेत.

जूनच्या मध्याला शाळा उघडल्या. उन्हाळी शिबिराची हवा अजून टिकून होती, शाळांच्या फाटकावर पत्रके वाटली होती. ४१ नवी मुले आली. सुट्टीवरून परतलेली जुनी ३४. एकूण ७५ जणांची एकच बॅच, सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेपाच ते सात. दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा नव्यांपैकी २४ उरली होती. क्लबमध्ये याचे कारण एका वाक्यात सांगितले जाते: हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही आणि पालकांना लगेच बेल्ट हवा. यात थोडे तथ्य आहे, पण १७ मुले त्यामुळे गेली नाहीत. ती का गेली याचे उत्तर हॉलच्या क्षेत्रफळात आणि कॅलेंडरमध्ये सापडते, आणि दोन्ही गोष्टी मे महिन्यातच समोर असतात.

तीस मिनिटांत तीन मिनिटे

आधी जागेचा हिशोब. एकट्याने किक मारायची तर मुलाला निदान दोन मीटर बाय दोन मीटर जागा लागते, म्हणजे चार चौरस मीटर. ८० चौरस मीटरवर अशी २० मुले मावतात. जोडी करून एकाने पॅड धरला आणि दुसऱ्याने मारले तर जोडीला सहा चौरस मीटर पुरतात. १३ जोड्या, २६ मुले. या हॉलची क्षमता एवढीच. ७५ पैकी रोज साधारण ५५ मुले हजर असत. माणशी दीड चौरस मीटरही नाही. एवढ्या जागेत हात पसरून उभे राहता येते, डोलियो चागी, म्हणजे वळसा घेऊन बाजूने मारायची किक, मारता येत नाही.

मग प्रत्येक प्रशिक्षक अशा वेळी करतो तेच झाले. अकरा-अकरा मुलांच्या पाच रांगा केल्या. रांगेतला पहिला मुलगा किक मारत पुढे जायचा, भिंतीला हात लावून बाजूने मागे यायचा, मग दुसरा. एकाच्या पाळीला सहा सेकंद धरले तर पुढची पाळी येईपर्यंत एक मिनिट जाते. तीस मिनिटांच्या किक सरावात एका मुलाच्या वाट्याला प्रत्यक्ष काम येते पावणेतीन मिनिटांचे. उरलेली सत्तावीस मिनिटे ते रांगेत उभे. आठ वर्षांचे मूल सत्तावीस मिनिटे रांगेत शांत राहत नाही. ते पुढच्याला ढकलते, मॅटचे दात उपटते. मग सर ओरडतात, शिक्षा म्हणून सगळ्यांना वीस दंड काढायला लावतात, आणि त्यात आणखी पाच मिनिटे जातात. घरी गेल्यावर आई विचारते, आज काय शिकलास? मुलाकडे सांगण्यासारखे काही नसते.

याच हॉलमध्ये १२ जोड्या आणि १२ किक पॅड असतील, तर तीस सेकंद मारायचे आणि तीस सेकंद धरायचे या पद्धतीने त्याच अर्ध्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात. पावणेतीनच्या जागी पंधरा. या एका बदलाइतका मोठा बदल नवीन वर्षात दुसरा कुठलाही नाही. नवे बॅनर नाही, क्लबच्या नावाचा टी-शर्ट नाही, इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड तर मुळीच नाही.

कोण केव्हा गेले

पहिल्या तीन आठवड्यांत पाच मुले गेली. ही गळती कुठल्याही क्लबात होतेच. मित्र आला म्हणून कोणी आले होते, कोणाला शाळेची व्हॅन उशिरा सोडत होती. त्यावर फार विचार करू नये. एक गोष्ट मात्र टाळता आली असती. पहिल्या दिवशी प्रवेश फी ५००, पहिल्या महिन्याचे ७०० आणि डोबॉकचे (तायक्वांदोच्या गणवेशाचे) ११०० असे २३०० रुपये एकदम मागितले होते. जून म्हणजे वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तर, रेनकोट, व्हॅनचा आगाऊ पैसा. त्याच पंधरवड्यात ही मागणी.

राहिली ३६. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे प्रवेशानंतर आठव्या आठवड्यात, यलो बेल्टची परीक्षा घेतली. आठवड्याला तीन दिवस, त्यात सुट्ट्या आणि जोराचा पाऊस वजा करता जेमतेम २१ सत्रे झाली होती. ३६ च्या ३६ पास. १५ ऑगस्टला शाळेच्या ध्वजवंदनानंतर पिवळा पट्टा बांधून प्रात्यक्षिक करता यावे, हे घाईचे खरे कारण. त्यात दोन मुलांकडून कौले फोडून घेतली. नव्या मुलाच्या हाताची आणि मनगटाची हाडे अजून वाढत असतात, मुठीची बांधणी पक्की झालेली नसते. त्यांच्याकडून काहीही फोडून घेऊ नये. ट्यूबलाइट फोडणे तर कोणत्याही पातळीवर नको: काच डोळ्यात जाते आणि आतला पारा हवेत मिसळतो.

परीक्षेनंतर लगेच गणपती आले. समाजमंदिर मंडळाला गेले, मंडप, सजावट आणि विसर्जनानंतरची आवराआवर धरून पंधरा दिवस क्लब बंद. हे दरवर्षी होते, सगळ्यांना माहीत असते, तरी पर्यायी जागा कोणी शोधली नव्हती. पालकांच्या ग्रुपवर फक्त ‘पुढील सूचना मिळेपर्यंत क्लास बंद’ एवढा मेसेज गेला. हातात पिवळा पट्टा आलेला आणि सवय मोडलेली. पुन्हा हॉल उघडला तेव्हा सात मुले आलीच नाहीत. उरली २९.

शेवटची पाच सहामाही परीक्षेच्या आणि दिवाळीच्या दरम्यान गेली, आणि या पाचांचे जाणे सर्वांत जास्त लागावे असे आहे, कारण ती नियमित येणारी होती. त्यांना दुसरा पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींची दुसरी मालिका, शिकवायला घेतला तेव्हा लक्षात आले की पहिलाच येत नाही. सर पुन्हा पहिल्या पूमसेवर, तेगुक इल जांगवर, आले. पट्टा असलेल्या मुलाला सर्वांदेखत मागे उभे केले की त्याला आपण नापास झाल्यासारखे वाटते. खरे तर ते दोन महिन्यांपूर्वीच पास व्हायला नको होते.

जुन्यांचेही नुकसान

गळती मोजताना बहुतेक क्लब फक्त नव्यांकडे पाहतात. जुनी ३४ टिकली हे खरे, पण त्यांचा हंगाम गेला. एप्रिलची परीक्षा आणि मे महिन्याचा गाव यात दोन महिने सराव नव्हता. पहिल्याच आठवड्यात पूर्वीच्या ताकदीने उंच किक मारायला लावल्या आणि मांडीच्या मागचा स्नायू ओढला गेल्याच्या तीन तक्रारी आल्या. दोन महिन्यांच्या खंडानंतर पहिले दोन आठवडे निम्म्या ते साठ टक्के भारावर काढावेत, झटके देऊन ताणणे बंद ठेवावे, स्पारिंग (जोडीदाराशी लढतीचा सराव) चौथ्या आठवड्यापासून.

बारा ते चौदा वर्षांची मुले सुट्टीत झपाट्याने वाढतात. हाडे आधी वाढतात, स्नायू मागून येतात. या वयात गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला दुखते त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. थोडी लहान मुले टाचेच्या मागे दुखते म्हणतात ते बहुधा सेव्हर. दोन्हींत उड्या आणि उडत्या किक कमी करायच्या असतात. मूल बहाणे करते असे समजून त्याला जास्त पळवणे हा सर्वांत वाईट उपाय. दुखणे एका बाजूचेच असेल, रात्री जागवत असेल किंवा सूज असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवावे.

आणि स्पर्धा. शालेय स्पर्धांच्या जिल्हा फेऱ्या पावसाळ्यात किंवा त्याला लागूनच येतात. २०२२ पासून जागतिक नियमांत लढत तीन फेऱ्यांत ‘बेस्ट ऑफ थ्री’ झाली आहे: प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे जिंकायची, दोन जिंकल्या की लढत जिंकली. पहिल्या फेरीत मागे पडून पुढे गुणांची भरपाई करता येत नाही, म्हणून सुरुवातीपासून वेग लागतो. धडावर किक दोन गुण, डोक्यावर तीन, वळून मारलेल्या किकला धडावर चार आणि डोक्यावर पाच; धडावरचा ठोसा एक गुण. हे सगळे अंगात मुरवायला सहा ते आठ आठवड्यांचे स्पारिंग हवे. ७५ च्या बॅचमध्ये ब्लू आणि रेड बेल्टची मुले नव्यांच्या रांगा सांभाळत होती. शिकवल्याने शिकणाऱ्यालाही पक्के होते हे बरोबर, पण आठवड्यातले तिन्ही दिवस नव्हे.

पुढच्या जूनची आखणी

नव्यांसाठी सोमवार-बुधवार-शुक्रवार. सहा ते आठ वर्षांची १७ मुले सव्वापाच ते सहा, पाऊण तासच. नऊ वर्षांपुढची २४ सहा दहा ते सव्वासात. जुन्यांसाठी मंगळवार-गुरुवार-शनिवार: यलो आणि ग्रीनची २० आधी, ब्लू आणि त्यावरील १४ नंतर. एकही बॅच २६ च्या वर नाही. पुढे २७ वे मूल आले तर त्याला प्रतीक्षा यादी दाखवायची. हे बहुतेक सरांना जड जाते.

पैशाचे गणित न पाहता ही आखणी टिकत नाही. तीन संध्याकाळींचे भाडे ५००० होते, सहांचे ९००० झाले. दोन्ही सहायकांना प्रत्येकी १५०० जास्त. वाढीव खर्च महिन्याला ७०००, म्हणजे ७०० रुपयांच्या हिशोबाने दहा मुलांची फी. गेलेल्या १७ पैकी पहिली पाच तशीही गेली असती. उरलेल्या १२ पैकी दहा टिकली तरच बरोबरी होते. गणित काठावरचे आहे. म्हणून पहिल्या वर्षी शनिवार सोडून पाच दिवसांवर सुरुवात करणे किंवा शनिवारी शाळेचे मैदान वापरणे शहाणपणाचे. १२ पॅडचा खर्च मात्र टाळू नये. ते साधारण एका महिन्याच्या जुन्या भाड्यात येतात आणि नीट वापरले तर दोन-तीन वर्षे चालतात. पॅड धरणाऱ्याला तो कोपर शरीराला टेकवून, किकच्या क्षणी किंचित पुढे ढकलून धरायला शिकवावे. ढिला धरला तर मारणाऱ्याचा गुडघा हवेत झटका खाऊन सरळ होतो आणि तिथेच दुखापत होते.

सहायक कोण हेही जूनमध्येच ठरवायचे. बारावीचा मुलगा डिसेंबरनंतर येणार नाही, हे गृहीत धरून दुसरा माणूस तयार ठेवावा. आठ वर्षांखालच्या बॅचमध्ये दहा मुलांमागे एक शिकवणारा हवा, आणि हॉलमध्ये कायम दोन जण, त्यांपैकी निदान एक अठरा वर्षांवरील. मुली असतील तर एक बाई असावी, मग ती एखाद्या मुलीची आई असली तरी चालेल. मुलांशी वैयक्तिक मेसेज नाहीत. सगळे पालकांच्या ग्रुपवर.

पहिले बारा आठवडे

डोबॉक नाही, ट्रॅक पँट आणि टी-शर्ट. डोबॉक ऑगस्टमध्ये, मूल टिकणार हे दिसल्यावर घ्यायला सांगावा, आणि पालक पुढच्या वर्षाचा विचार करून दोन मापे मोठा घेतात तो तसा घेऊ देऊ नये. पायात अडकून मुले पडतात.

पहिल्या दोन आठवड्यांत चारयॉत (सावधान), क्यंग ने (वंदन), जुनबी (तयारीची स्थिती), मूठ, पडण्याची पद्धत आणि गुडघा उचलणे. आप चागीची, म्हणजे समोर मारायच्या किकची, सगळी गंमत गुडघ्यात आहे: गुडघा आधी छातीकडे, मग पाय बाहेर, मग पुन्हा आत, मग खाली. नवी मुले पाय सरळ ठेवून खालून वर फेकतात आणि बोटांनी मारतात. अंगठ्याचे नख काळे झालेली मुले पहिल्या महिन्यात दिसतात ती त्यामुळे. बोटे मागे ओढून तळव्याचा पुढचा फुगीर भाग लागला पाहिजे. हे आधी भिंतीला हात टेकवून, सावकाश, चार मोजांत करून घ्यावे: हाना, दुल, सेत, नेत.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात डोलियो चागी. इथे टेकलेला पाय बघावा, मारणारा नव्हे. टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याकडे वळली नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. जिगसॉ मॅटच्या सांध्यात फट असेल तर बोट तिथे अडकते आणि शरीर फिरते, पाय तिथेच राहतो. म्हणून सत्राआधी मॅटच्या रांगा गुडघ्याने दाबून जुळवण्याचे काम दोन मुलांना नेमून द्यावे.

सहाव्या आठवड्यापासून तेगुक इल जांग. एकूण १८ हालचाली. तीन ठिकाणी हटकून चुकते. पाचव्या हालचालीला आप सोगी या आखूड पवित्र्यातून आप कुबी या लांब पवित्र्यात जायचे असते. मुले आखूडच राहतात. फरशीवर खडूने मुलाच्या स्वतःच्या पावलांनी मापून रेघ काढावी: आप सोगीला सुमारे तीन पावले, आप कुबीला चार ते साडेचार, आणि वजनाचे दोन तृतीयांश पुढच्या पायावर. सातव्या हालचालीला सवयीने डावीकडे वळतात, वळायचे असते उजवीकडे. तिथेच पाय उजवा पुढे आणि मोमतोंग आन माक्की (हात आत आणत धडाचा बचाव) डाव्या हाताने. मुले उजवा हात उचलतात. एक सोपी कसोटी: जिथून सुरुवात केली तिथेच शेवट झाला का? अर्धा मीटर सरकले असेल तर कुठेतरी पावलाची लांबी बदलली आहे.

यलोची परीक्षा बारा आठवड्यांनंतर, आणि तारखेवर नाही तर हजेरीवर: ३६ पैकी निदान २७ सत्रे. ज्याची भरली नाहीत त्याची परीक्षा तीन आठवड्यांनी, वेगळा गाजावाजा न करता. पूमसे एकट्याने, पुढे कोणी नसताना करून दाखवायचा. गटात नेहमी पुढच्याची नक्कल होते, आणि त्या ३६ मुलांच्या बाबतीत तेच झाले होते. परीक्षा फी आणि पट्ट्याची किंमत जूनच्या पत्रकातच छापावी.

कागद

प्रवेश अर्जावर रक्तगट, दोन फोन नंबर, दमा, फिट येणे, हृदयाचा त्रास, चालू औषधे, पालकांची सही. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्या दप्तरात नव्हे, हॉलमधल्या पेटीत असावा. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, ओकले किंवा त्याला चक्कर आली तर त्या दिवशी खेळ बंद आणि दवाखाना. ‘आता बरे वाटते’ म्हणाले तरी.

जन्मतारखेचा घोळ जूनमध्येच मिटवावा. आधारवर एक तारीख आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरी असेल तर स्पर्धेच्या तपासणीत मूल बाहेर जाते, आणि दुरुस्तीला महिने लागतात. शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळेमार्फत जाते, क्लबमार्फत नाही, हे बऱ्याच पालकांना माहीत नसते. म्हणून प्रत्येक शाळेच्या क्रीडाशिक्षकांना जुलैतच भेटून मुलांची यादी द्यावी. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रश्नही याच मार्गाने सुटतो. प्रमाणपत्र शासनमान्य स्पर्धेचे असावे लागते. देशातल्या तायक्वांदो संघटनांच्या मान्यतेचे वाद अनेक वर्षांचे आहेत. त्यामुळे कोणत्याही संघटनेची नोंदणी फी भरण्याआधी त्या वर्षी कोणाची स्पर्धा आणि कोणाचे प्रमाणपत्र ग्राह्य आहे हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. पालकांना ‘सरकारी नोकरीत फायदा’ असे मोघम आश्वासन देऊ नये.

पावसाळा आणि गणपतीचे पंधरा दिवस

मॅटच्या खाली ओल धरते. आठवड्यातून एकदा सगळ्या उचलून उभ्या कराव्यात, फरशी कोरडी पुसावी, पंखे तासभर चालू ठेवावेत. वरची बाजू साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी. जुलै-ऑगस्टमध्ये एका मुलाला नायटा झाला की सामायिक चेस्ट गार्ड आणि हेड गार्डमधून तो दहांपर्यंत पोहोचतो. चट्टा दिसला की त्या मुलाने गार्ड वापरायचे नाही, जोडीचे काम करायचे नाही. एकट्याने पूमसे करता येतो. दुकानातून आणलेले स्टिरॉइड मिसळलेले मलम लावले तर खाज थांबते पण चट्टा पसरतो. त्वचेच्या डॉक्टरांकडेच पाठवावे.

गणपतीच्या दिवसांसाठी शाळेचा व्हरांडा मे महिन्यातच मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने ठरवावा. तिथे मॅट नाही, म्हणून स्पारिंग नाही, उड्या नाहीत: फक्त पूमसे, आप कुबीत चालणे, तोल आणि पोटाचे व्यायाम, चाळीस मिनिटे, आठवड्याला दोनदा. आरतीच्या वेळा सांभाळून पाच ते पावणेसहा बरे पडते. जी मुले गावी जाणार त्यांना घरी करायच्या पंधरा मिनिटांचा कागद द्यावा आणि परत येण्याची तारीख त्यावर लिहावी. नवरात्रात हॉल गरब्याला जातो, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की शनिवार-रविवार जातात. हॉलच्या रखवालदाराकडे बुकिंगची वही असते. तिच्यातल्या तारखा जूनमध्येच उतरवून घ्याव्यात, आणि दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा पाहाव्यात, कारण त्या बदलतात.